मन ही मेंदूहून वेगळी वस्तू आहे का?

प्रश्न : मेंदूचे वजन करता येते, मनाचे करता येत नाही. मग मन ही मेंदूहून वेगळी, अभौतिक वस्तू मानायला हरकत काय? मेंदूला इजा झाली की मन बिघडते, हे मान्य; पण रेडिओ बिघडला की गाणे नीट ऐकू येत नाही, म्हणून गाणे रेडिओतच जन्मते असे कोणी म्हणत नाही.
– एक वाचक

उत्तर : वजनाचा मुद्दा फारसा टिकत नाही. वजन वेगाचेही करता येत नाही, पण म्हणून वेग ही धावणाऱ्यापासून सुटी काढून ठेवता येणारी वस्तू ठरत नाही. ‘मन’ हे नाम आहे एवढ्यावरून त्यामागे एखादी वस्तू असलीच पाहिजे असे वाटणे, ही व्याकरणाने घातलेली भूल असू शकते.

रेडिओचा दृष्टान्त मात्र दमदार आहे, म्हणून त्याकडे नीट पाहू. रेडिओ बिघडला की खरखर येते किंवा आवाज बंद पडतो. आकाशवाणी केंद्रावर निवेदकाला त्याचा पत्ताही नसतो. मन असे कुठे तरी सुरक्षित राहते का? १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही आतला भाग काढण्यात आला. त्यानंतर त्याची बुद्धी आणि बोलणे शाबूत राहिले, पण नवे काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, पण आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. इथे प्रक्षेपण शाबूत आणि यंत्र नादुरुस्त, असे म्हणता येत नाही. स्वतःच्या कालच्या दिवसाची माहितीच त्याच्यापाशी उरली नव्हती आणि तिच्याशिवाय शिकणे मात्र चालू होते. शरीराचे तुकडे पडतात, मन अविभाज्य आहे, म्हणून ती दोन भिन्न द्रव्ये होत, असा युक्तिवाद फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली केला होता. त्या अविभाज्यतेवर विश्वास ठेवणे आता जड जाते.

शिवाय बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ साली पत्रातून देकार्तला विचारलेला प्रश्न आहेच : ज्याला आकार नाही, जे स्पर्श करू शकत नाही, ते शरीराला हलवते कसे? देकार्तने पुढे मेंदूतल्या एका लहानशा ग्रंथीकडे बोट दाखवले. पण भेटीची जागा सांगितल्याने भेट कशी होते ते कळत नाही.

आपल्या परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी इथे जरा जपून पाऊल टाकावे. सांख्य दर्शनाच्या मते मन प्रकृतीतून, म्हणजे मूळ जड तत्त्वातून निपजलेले, म्हणून जडच; चैतन्य पुरुषाचे, म्हणजे केवळ साक्षी असलेल्या आत्म्याचे. छांदोग्य उपनिषदात तर मन अन्नमय म्हटले आहे : पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर राहिलेल्या श्वेतकेतूला ऋचा आठवत नाहीत, जेवल्यावर त्या पुन्हा आठवतात. तेव्हा आपला प्रश्न बहुधा मनाविषयी नसून जाणिवेविषयी असावा.

आणि तो प्रश्न खरोखर शिल्लक आहे. टाचणी टोचली की कोणते मज्जातंतू चेततात आणि हात मागे कसा घेतला जातो, हे सांगता येते. पण या साऱ्या घडामोडीसोबत ‘दुखणे’ का यावे, हे त्यातून निघत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ साली यालाच जाणिवेचा ‘कठीण प्रश्न’ म्हटले. मेंदूची आणखी बारीक माहिती मिळाली की तो आपोआप सुटेल, अशी खात्री मला वाटत नाही. मात्र या अडचणीवरून थेट अभौतिक वस्तूवर उडी घेणाऱ्याने एवढे सांगावे, की त्या वस्तूला तरी टाचणी का दुखावी.