त्रिकोणी बाणांवर विसंबू नका

प्रश्न : ताई, नोकरीसाठी दोन महिन्यांपूर्वी नव्या शहरात आले. आधीच्या घरी एकच डबा होता, सगळं त्यातच जायचं. इथे ओला, सुका, घातक असे तीन. परवा माझी सुक्याची पिशवी न उचलता दारातच ठेवली, वर चिठ्ठी : ‘मिसळलेला कचरा’. आत होतं काय, तर बाहेरून मागवलेल्या जेवणाचं तेलकट खोकं, दुधाची पिशवी, फुटलेला काचेचा पेला आणि दुकानाची पावती. दुधाच्या पिशवीवर तर त्रिकोणी बाणांची खूणही होती! शेजाऱ्यांना विचारायची लाज वाटते.
– एक वाचक

उत्तर : पिशवी परत आल्यावर जिना चढताना ती अंगाआड कशी लपवायची, हे मला पाठ आहे. घर बदललं तेव्हा मी जुन्या मोबाइलची बॅटरी कागदात गुंडाळून सुक्यात टाकली होती. गाडीवरच्या दादांनी माझ्यासमोर पिशवी उघडली, बॅटरी दोन बोटांत धरून वर काढली आणि म्हणाले, “ताई, गाडीत कचरा दाबला जातो. ही चेपली की पेटते.” चिडले नाहीत, म्हणून जास्तच लाजले. तेव्हापासून दाराजवळ बुटांचं एक रिकामं खोकं आहे. सेल, बॅटऱ्या, तुटके चार्जर त्यात पडतात आणि ई-कचरा घेतात त्या दिवशी जातात.

आता तुमची पिशवी. कागद पुन्हा करताना तो पाण्यात भिजवून लगदा करतात. तेल पाण्यात मिसळत नाही, ते कागदाच्या तंतूंना धरून बसतं आणि नव्या कागदावर डाग उमटतात. म्हणून खोक्याचं कोरडं झाकण फाडून सुक्यात द्या. तेलकट तळ, तुमच्याकडे ओल्याचं खत करत असतील आणि पुठ्ठा चालत असेल तर ओल्यात.

पावतीवर नखाने जोरात रेघ ओढून पाहा. काळी उमटली तर तो उष्णतेने छपाई होणारा, रसायनाचा लेप दिलेला कागद. रद्दीत नको.

पेल्याचं मात्र तुमचं चुकलंच. चिठ्ठी बहुधा त्याच्यामुळेच आली. पिशवीत हात घालून कचरा निवडणाऱ्या माणसाचा विचार करा. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून वेगळी द्यायची. आणि काच म्हणजे सगळी एकच नव्हे. बाटल्या-बरण्यांची काच वितळते त्या तापमानाला ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्याची काच नीट वितळत नाही. तिचे खडे राहतात आणि नवी बाटली तिथेच तडकते. तसलं भांडं फुटलं तर बाटल्यांत मिसळू नका.

बाणांनी तर भल्याभल्यांना फसवलंय. प्लॅस्टिकवर त्या बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. ही आकड्यांची पद्धत 1988 साली प्लॅस्टिक उद्योगानेच आणली, ती प्लॅस्टिकची जात ओळखण्यासाठी. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, 2 म्हणजे शाम्पूच्या जाड बाटलीचं, 4 म्हणजे बऱ्याच पातळ पिशव्यांचं. ‘आम्ही हे परत घेतो’ असं वचन त्यात कुठेच नाही. घेणारा कोण आहे, त्याचं यंत्र कुठलं, यावर ते ठरतं, आणि म्हणूनच शहर बदललं की नियम बदलतात. पातळ पिशव्या निवडणी-यंत्राच्या चाकांत गुंडाळल्या जातात, त्यामुळे काही ठिकाणी त्या वेगळ्या मागतात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. मग विसळा, उलटी टांगा, वाळली की द्या. घासत बसू नका. मी सुरुवातीला बरण्या साबणाने लखलखीत करायचे. निव्वळ वेडेपणा. भांडी धुतल्यावर उरलेल्या पाण्यात एकदा विसळली की पुरे.

कशाचं काय करायचं कळलं नाही, तर ‘घेतील बहुतेक’ म्हणून सुक्यात ढकलू नका. ओलं किंवा माखलेलं एक पाकीट अख्खी रद्दी नासवतं. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे. कालबाह्य औषधं घातकच्या डब्यात, मोरीत ओतायची नाहीत.

शेजाऱ्यांना विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं सांगेल, हे आधीच सांगते. त्यापेक्षा उद्या गाडी येईल तेव्हा पाच मिनिटं आधी खाली उतरा. ती चिठ्ठी हातात ठेवा आणि गाडीवरच्यांनाच विचारा, “यातलं नेमकं काय चुकलं?”