एका नळीत एलजी, दुसरीत चार नंबर: रानडुकराच्या परवानगीवर भेकर किंवा ससा मारता येतो का?

प्रश्न: मी सिंधुदुर्गातला शेतकरी. आजोबांपासून चालत आलेला शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना आता माझ्या नावावर आहे. बंदूक बारा बोअरची दुनळी. रानडुकरांनी नाचणी आणि भुईमूग उकरून टाकला म्हणून अर्ज केला, तेव्हा वनक्षेत्रपालांच्या सहीने डुक्कर मारण्याची लेखी परवानगी मिळाली. चवळी आणि कुळीथ मात्र भेकरं (लहान जातीची हरणं) आणि ससे खातात. म्हणून गावच्या रिवाजाप्रमाणे मी एका नळीत एलजी (मोठ्या छऱ्यांचं) आणि दुसरीत चार नंबरचं (बारीक छऱ्यांचं) काडतूस घालून मांगराकडे, म्हणजे शेतातल्या खोपीकडे, निघालो. वाटेत वनरक्षकांनी अडवलं, बंदूक आणि पट्ट्यातली सात काडतुसं जप्त केली. त्यांत तीन एलजी आणि चार ‘चार नंबर’ होती. बार काढलेला नव्हता, जनावरही मिळालेलं नाही. ‘चार नंबर कशासाठी?’ या प्रश्नाला मी ‘ससा दिसला तर’ असं उत्तर दिलं. अमेरिकेत असलेला माझा पुतण्या म्हणतो की तिथे हरणाची आणि सशाची काडतुसं वेगवेगळी ठरवून दिलेली असतात. आपल्याकडे असा नियम आहे का? आणि आता मी काय करू?

उत्तर: पुतण्याचं म्हणणं तिथल्यापुरतं बरोबर आहे. अमेरिकेत हरणाचा हंगाम आणि लहान शिकारीचा हंगाम हे दोन्ही कायदेशीर असतात. ते एकाच वेळी चालू असले की कोणत्या जनावरासाठी कोणता छर्रा हे अनेक राज्यं ठरवून देतात. काही राज्यांत चुकीचं काडतूस नुसतं खिशात सापडलं तरी दंड होतो. आपल्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातही सुरुवातीला अशी विभागणी होती. मोठी शिकार तिसऱ्या परिशिष्टात आणि लहान शिकार चौथ्या परिशिष्टात होती, आणि प्रत्येकीचा परवाना वेगळा मिळत असे. आजोबांच्या ट्रंकेत असा एखादा जुना कागद सापडला तर तो आठवण म्हणून ठेवा, त्यावर शिकार करता येणार नाही. २ ऑक्टोबर १९९१ पासून कलम ९ बदललं आणि पहिल्या चार परिशिष्टांतल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीवर सरसकट बंदी आली. भेकरासाठी कोणतं काडतूस आणि सशासाठी कोणतं, हा प्रश्नच त्या दिवशी संपला. दोन्ही संरक्षित प्राणी आहेत आणि दोघांसाठीही कायदेशीर काडतूस नाही.

मग डुकराची परवानगी कुठून आली? ती कलम ११(१)(ब) मधून येते. दुसऱ्या परिशिष्टातला एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. शेतातलं उभं पीक मालमत्तेत धरलं जातं. ही परवानगी ‘त्या’ प्राण्यापुरती आणि ‘त्या’ क्षेत्रापुरती असते. तुमच्या पत्रात रानडुक्कर लिहिलंय, म्हणजे रानडुक्करच. त्याच चवळीत शिरलेलं भेकर, कुंपणाखालून आलेला ससा, केळीत घुसलेला गवा यांतलं काहीच त्यात बसत नाही. गवा तर पहिल्या परिशिष्टात आहे. तिथे पिकाच्या नुकसानीवर परवानगी मिळतच नाही.

गावात असंही बोललं जातं की डुक्कर आता ‘उपद्रवी’ जाहीर झालंय, त्यामुळे कागदाची गरज नाही. कलम ६२ खाली केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये तशा अधिसूचना काढल्या होत्या, पण त्या बिहार आणि उत्तराखंडसारख्या राज्यांतल्या ठरावीक भागांसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी होत्या. त्या ऐकीव माहितीवर सिंधुदुर्गात बार काढू नका.

आता काडतुसांकडे वळू. शस्त्र कायद्याच्या नजरेने पाहिलं तर चार नंबर जवळ ठेवणं हा गुन्हा नाही. परवाना बारा बोअरचा आहे, काडतूसही बारा बोअरचं आहे, मग छर्रा कितीचा हा प्रश्न शस्त्र कायदा तुम्हाला विचारत नाही. तो वेगळ्या गोष्टी विचारतो. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, असे दोन वेगळे आकडे असतात. पट्ट्यातली सात, नळ्यांतली दोन आणि घरातली शिल्लक मिळून पहिला आकडा ओलांडला, तर जास्तीची काडतुसं परवान्याबाहेरची ठरतात. विनापरवाना दारूगोळ्याला कलम २५(१ब) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. म्हणून आजच घरातली काडतुसं मोजा आणि विक्रेत्याची बिलं व परवान्यावरच्या खरेदीच्या नोंदी ताडून पाहा. मेहुण्याकडून उसनी घेतलेली दोन काडतुसंसुद्धा इथे अडचणीत आणतात.

वन्यजीव कायद्याच्या नजरेने पाहिलं तर मात्र तेच चार नंबर बोलू लागतं. कलम २(१६) मध्ये ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. हाकणं, आमिष लावणं, सापळा लावणं आणि यांतल्या प्रत्येकाचा प्रयत्न हे सगळं शिकारच. रानडुकरावर कोणी जाणता माणूस चार नंबर चालवत नाही. त्यात सुमारे तीन मिलिमीटरचे दीडशेच्या वर छरे असतात, आणि नराच्या खांद्यावरच्या जाड कातडीत ते अडकून राहतात. एलजीत साधारण नऊ मिलिमीटरचे सहा आणि एसजीत त्याहून थोडे लहान नऊ छरे असतात. त्यामुळे डुकराचं पत्र खिशात, दुसऱ्या नळीत भरलेलं चार नंबर आणि तोंडी ‘ससा दिसला तर’ हे तिन्ही एकत्र आलं, की वन विभाग म्हणणार की हेतू सशाचा होता. तुमचं सर्वांत मोठं नुकसान त्या एका वाक्याने केलंय.

तरीही केस हरलेली नाही. हेतू असणं वेगळं आणि प्रयत्न सुरू होणं वेगळं. तुम्ही वाटेवर होता, बार काढलेला नव्हता, समोर जनावर नव्हतं. कलम ५७ खाली आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करायचं असतं हे खरं, पण ते कलम मांस, कातडी, शिंगं किंवा जिवंत प्राणी बेकायदा ताब्यात सापडल्यावर लागतं. तुमच्याकडे यांतलं काहीच सापडलेलं नाही. म्हणजे प्रयत्न झाला हे वन विभागालाच सिद्ध करावं लागेल. मात्र घरी किंवा मांगरात जुनं भेकराचं शिंग खुंटीला टांगलेलं असेल, तर ते आत्ताच वकिलाला सांगा. ते जाळू नका, पुरू नका किंवा दुसरीकडे हलवू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा लागतो.

पुढच्या काही दिवसांत करायच्या गोष्टींत पहिली म्हणजे जप्ती पंचनाम्याची प्रत लेखी अर्ज करून घेणं. त्यात कोणती काडतुसं नळीत होती आणि कोणती पट्ट्यात, पकडल्याची जागा कोणत्या गट क्रमांकात येते आणि वेळ काय नोंदवली आहे, हे नीट वाचा. जागा तुमच्या शेताच्या वाटेवरची असेल तर सातबारा आणि गावनकाशा जोडा. जागा राखीव वनात नोंदवली गेली असेल तर भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ वेगळं लागू शकतं, आणि अभयारण्यात असेल तर शिक्षेचं मापच बदलतं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे शस्त्राची वन विभागाकडे नोंद झालेली आहे का, हेही तपासा.

दुसरी गोष्ट जबाबाची. वनाधिकारी पोलीस नसतात, त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला मिळणारं संरक्षण इथे गृहीत धरू नका. सहायक वनसंरक्षकांपुढे तुमच्या समक्ष नोंदवलेली साक्ष पुढे न्यायालयात वापरता येते. बोलावणं आलं तर जरूर जा, टाळू नका. पण वकिलाशी बोलून जा आणि खरं तेच सांगा. ‘चार नंबर पाखरं हाकायला’ अशी नवी गोष्ट रचू नका. पहिल्या जबाबाशी ती जुळणार नाही आणि तुमचं उरलेलं खरं बोलणंही त्यात बुडेल.

तिसरी गोष्ट तडजोडीची. वन्यजीव कायद्याच्या कलम ५४ खाली पैसे भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे. ज्या गुन्ह्यांना किमान शिक्षा ठरलेली आहे, उदाहरणार्थ पहिल्या परिशिष्टातला प्राणी किंवा अभयारण्यातली शिकार, त्यांना ती मिळत नाही. तुमच्या प्रकरणात ती देऊ केली जाऊ शकते, पण कागदावर गुन्ह्याची कबुली कोणत्या शब्दांत घेतली आहे हे वाचल्याशिवाय सही करू नका. उद्या परवान्याच्या नूतनीकरणाला तोच कागद जिल्हाधिकाऱ्यांपुढे येऊ शकतो. खटला चालून दोषी ठरलात तर साधारण गुन्ह्यासाठी २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय न्यायालय शस्त्र परवाना रद्द करून पाच वर्षं नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. शेतकऱ्याला दंडापेक्षा हा आदेश जड जातो.

बंदूक परत मिळवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्याचा, म्हणजे तात्पुरता ताबा मिळण्याचा, अर्ज करा. ‘जप्त झालं म्हणजे सरकारजमा झालं’ असं उत्तर मिळेल. पण मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मधुकर राव या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहनांबाबत सांगितलंय की वापर गुन्ह्यात झाल्याचं सिद्ध होईपर्यंत मालकी आपोआप सरकारकडे जात नाही, आणि तात्पुरता ताबा देता येतो. तोच युक्तिवाद बंदुकीसाठी मांडता येतो. मात्र शस्त्राच्या बाबतीत न्यायालय हात आखडता घेतं, म्हणून अर्जासोबत चालू परवाना, खरेदीची बिलं, डुकराचं परवानगीपत्र आणि नुकसानीचे आधीचे अर्ज जोडा.

बंदूक परत आली आणि डुकराची परवानगी चालू असली, तर नळ्यांत एकच जातीचं काडतूस घाला, एलजी किंवा एसजी. पट्ट्यातही तेच ठेवा. चार नंबर घरी कुलपात राहू दे. आजोबांच्या बंदुकीच्या नळीवर ६५ की ७० लिहिलंय ते पाहा. ती काडतूसघराची मिलिमीटरमधली लांबी आहे. ६५ च्या बंदुकीत ७० चं काडतूस बसतं, पण बार उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि जुनी नळी फुटू शकते. आकडा दिसत नसेल तर परवानाधारक दुरुस्तीकाराकडून मोजून घ्या. रिकामी काडतुसं पुन्हा भरणं आणि मेण ओतून छरे घट्ट करणं, दोन्ही बंद.

तीस मीटरच्या पलीकडे बार टाकू नका. त्यापुढे सहा छरे इतके पांगतात की डुक्कर मरत नाही, जखमी होऊन जंगलात जातं. परवानगी तुमच्या क्षेत्रापुरती आहे, त्यामुळे बंदूक घेऊन त्याच्या मागे राखीव वनात जाणं म्हणजे नवा गुन्हा. तिथेच थांबा आणि वनरक्षकाला फोन करा. हुकलेला एसजीचा छर्रा पाच-सहाशे मीटर जाऊ शकतो, म्हणून मागे मातीचा बांध किंवा उतार असल्याशिवाय चाप ओढू नका. झुडपातली हालचाल पाहून बार टाकणं आणि पलीकडे माणूस निघणं, असे अपघात पारधीत होतात. तिथे वन्यजीव कायदा मागे पडतो आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ पुढे येतं.

पुतण्या किंवा गडी तुमच्यासोबत बंदूक वाहून नेऊ शकतो. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्ये परवानाधारकाच्या हजेरीत किंवा लेखी अधिकाराने, त्याच्याच वापरासाठी, दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी ती मुभा आहे. बार मात्र तुम्हीच काढायचा, परवान्यावर दुसऱ्याचं नाव रीतसर नोंदलेलं नसेल तर. डुक्कर पडलं तर ते सरकारी मालमत्ता आहे. ४८ तासांत वनाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत हलवायचं नाही आणि वाटेही घालायचे नाहीत. कायदेशीर परवानगी असलेला माणूस मांसाच्या एका पिशवीमुळे आरोपी होतो, आणि मग कलम ५७ पूर्ण ताकदीने लागतं.

राहिली चवळी. भेकराने केलेल्या नुकसानीसाठी वन विभागाकडे पीक नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. नुकसान दिसल्याबरोबर फोटो काढा, खुरांच्या ठशांशेजारी वीतभर काठी ठेवून काढा, आणि पंचनामा होईपर्यंत तो वाफा नांगरू नका. सशासाठी जाळीच लावा, खालची कड वीतभर मातीत पुरून. तिच्यात वीज मात्र सोडू नका.