सोसायटीच्या गणपतीत संमोहनाचा प्रयोग ठेवला तर कायद्याची अडचण येईल का? मुलांना स्टेजवर बसवलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: मुलांना बसवू नका.

अकरावीत असताना आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला असाच प्रयोग झाला होता. मैत्रिणींनी ढकललं म्हणून मी वर गेले. ‘आता तुम्ही पाच वर्षांच्या आहात’ असं सांगितल्यावर बाकीच्या मुली बोबडं बोलू लागल्या. मी पाच वर्षांची असताना माझी आजी गेली. मला तीच दिसली आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. लोकांना तेही प्रयोगातलंच वाटलं, टाळ्या पडल्या. मी भानावर होते, उठून खाली येता आलं असतं. पण भरलेल्या हॉलसमोर उठवत नाही हो. संमोहित माणूस काही कळसूत्री बाहुली होत नाही, हे खरंच. पण म्हणून ‘तिने मर्जीने केलं’ म्हणत हात झटकता येत नाहीत.

भारतात स्टेजवरच्या संमोहनासाठी वेगळा कायदा नाही. चमत्काराचा दावा करून पैसे उकळले तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, इजा झाली तर नेहमीचा फौजदारी कायदा.

ब्रिटनने मात्र १९५२ सालीच हिप्नॉटिझम ॲक्ट केला. तिथे सार्वजनिक प्रयोगात १८ वर्षांखालच्या कुणालाही संमोहित करता येत नाही. पुढे १९९० च्या दशकात गृहखात्याने परवान्यासाठी नमुना अटी घालून दिल्या. त्यात वय मागे नेण्याला मनाई आहे! दोन खुर्च्यांवर माणूस फळीसारखा आडवा ठेवायचा, तो आपल्याकडचा लाडका खेळही बंद. मानसिक आजार होऊन गेलेल्यांनी, गरोदर बायकांनी, दारू प्यायलेल्यांनी वर येऊ नये, हे सुरुवातीलाच जाहीर करायचं. दिलेली प्रत्येक सूचना मनातून पुसायची आणि कार्यक्रमानंतर प्रयोगकर्त्याने निदान अर्धा तास तिथेच थांबायचं. हा अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो. मी घरी जाताना रिक्षातही रडत होते. ते गृहस्थ केव्हाच गाडीत बसून निघून गेले होते.

तुमच्या मंडळाने बिदागी ठरवतानाच या अटी लेखी घ्याव्यात. कबूल नसतील तर दुसरा कार्यक्रम बघा. आणि मधूनच उठून यायची सगळ्यांना मोकळीक आहे, हे माइकवरून तुमच्यापैकीच कुणीतरी सांगा, प्रेक्षकांनाही ऐकू जाईल असं.