आधी कल्चर, मग डोस

प्रिय पोरी,

सर्दीने बेजार झालीस म्हणून मैत्रिणीच्या खणातल्या ॲझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या घेतल्यास, हे तू हसत हसत सांगितलंस. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही हे पेपरात तूच झकास लिहितेस. नाक गळायला लागलं की कुठे जातं ते ज्ञान? स्ट्रिपवरची उभी लाल रेघ शोभेला नसते गं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नको म्हणून असते.

पण मला बोलायचंय ते वॉर्डाबद्दल. मी शिकत असताना एकदा थंडी वाजून ताप आलेल्या आजोबांना ‘ब्लड कल्चर पाठवा, सेफ्ट्रिॲक्झोन सुरू करा’ अशी ऑर्डर होती. म्हणजे रक्तात कुठले जंतू वाढतात ते बघायला रक्त लॅबमध्ये पाठवायचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू करायचं. शीर कशीबशी सापडली. हातात भरलेली सिरिंज होतीच, म्हटलं आधी इंजेक्शन देऊ, रक्त मागाहून घेऊ. रिपोर्ट आला: वाढ नाही. खरंच जंतू नव्हते की माझ्या डोसाने ते झाकले गेले, शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर अंदाजाने औषध देत राहिले. तेव्हापासून आधी कल्चर. मोठ्या माणसाला एका बाटलीत आठ-दहा मिली रक्त लागतं, दोन मिलीवर भागवू नकोस. मात्र पेशंट शॉकमध्ये असेल, म्हणजे बीपी कोसळलं असेल, तर कल्चरपायी डोस अडवूनही धरू नकोस.

केसपेपरवरचं टीडीएस म्हणजे दिवसातून नुसतं ‘तीनदा’ नाही, दर आठ तासांनी: सहा, दोन, दहा. दुपारी दोनचा डोस हँडओव्हरमध्ये, ड्यूटी बदलताना, हमखास लटकतो. पिप्टाझसारख्या अँटिबायोटिकचा जोर रक्तात ते किती वेळ टिकतं यावर असतो. दोनचा डोस चारला गेला तर मधले दोन तास जंतूंना आंदण. अमिकासिन या अँटिबायोटिकचं गणित वेगळं, तिथे दिवसातून एकदाच मोठा डोस बरा. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून घाईने सोडलंस तर पेशंटचा चेहरा-मान लालबुंद होते, बीपी उतरतं. किमान तासभर चालू दे.

‘ॲलर्जी आहे का?’ विचारलं की आपली माणसं ‘नाही’च म्हणतात. ‘सुई घेतल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, धाप लागली होती का?’ असं विचार. मग आठवतं त्यांना. हो म्हणाले तर तिथेच थांब, डॉक्टरांना सांग, केसपेपरवर लाल शाईने लिही.

सर्दीला वाफ घे. आणि त्या खणात उरलेल्या गोळ्या सोमवारी ड्यूटीवर येताना माझ्याकडे आणून दे.

तुझी,
सिस्टर