साक्ष द्यायला संकटच हवं का?

आदरणीय मावशी, जय ख्रिस्त. मी भांडुपला राहते, दादरला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. तुमच्या लेकीच्या वयाची असेन. आमच्याकडे दर शुक्रवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते आणि शेवटी प्रत्येकाने साक्ष द्यायची असते, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाची गाठ विरघळलेली असते, कुणाचं अडलेलं कर्ज मंजूर झालेलं असतं. माझं आयुष्य म्हणजे डबा, गाडी, ऑफिस, पुन्हा गाडी, स्वयंपाक. मागे एकदा मी सांगितलं की कंबर इतकी धरली होती की उभं राहवत नव्हतं, तेव्हा घाटकोपरला एका अनोळखी बाईने सरकून मला चौथी सीट दिली आणि मला प्रभूची आठवण झाली. दोघीतिघी हसल्या. एकजण म्हणाली, "ही काय साक्ष झाली?" पाळकसाहेब म्हणतात, रोजच्या गोष्टींतून विश्वासाचे धडे घ्या. ते कसे घ्यायचे?
– भांडुपची एक भगिनी

लेकीच्या वयाची म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. तुझी साक्ष खरी होती. हसणाऱ्यांचा राग धरू नकोस, पण त्या हसल्या म्हणून गप्पही बसू नकोस.

शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची पुस्तकं, उघड आणि प्रभू येशू बोलतो कशाबद्दल ते बघ. पीठ आणि खमीर, मीठ, दिवा, जुन्या कपड्याला लावलेलं ठिगळ, चुकलेलं मेंढरू, बाजारात खेळणारी पोरं, संध्याकाळी मजुरी घ्यायला उभे राहिलेले मजूर. लूकच्या पंधराव्या अध्यायातली ती बाई घे. तिच्याकडे दहा नाणी, त्यातलं एक हरवतं. एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर मैत्रिणींना, शेजारणींना हाका मारते. मला नेहमी वाटतं, प्रभूने नासरेथमध्ये कुठल्यातरी घरात एखादीला अशी केरसुणी घेऊन कोपरे धुंडाळताना पाहिलं असणार. त्याशिवाय दिव्याचा आणि केर काढण्याचा तपशील येत नाही. आधी बघणं झालं, मग शिकवण आली.

आपलं नेमकं उलटं होतं. धडा आधी ठरलेला असतो, 'देव आपली काळजी घेतो', आणि त्याला जोडायला आपण एखादा प्रसंग शोधतो. मग सगळ्यांच्या साक्षी एकसारख्या ऐकू येतात. म्हणून माझं सांगणं एवढंच: धडा शोधायला निघू नकोस. जे घडलं ते नीट बघ, अगदी बारकाईने.

तुझी चौथी सीटच बघू. मी कुर्ल्याहून परळला नर्सची ड्यूटी करायला लेडीज डब्यातूनच जायचे, त्यामुळे ती सीट मला पाठ आहे. बाक तिघींचा. चौथीला मिळते ती टेकण्यापुरती कड. एक पाय बाहेर, पर्स मांडीवर, आणि गाडीने झोल खाल्ला की समोरच्या उभ्या बाईच्या गुडघ्यावर हात. पण तेवढ्यासाठी तिघींना हलावं लागतं. खिडकीची बाई पत्र्याला चिकटते. मधलीचे खांदे आवळले जातात. कडेची तर स्वतःची ऐसपैस बसायची सोयच घालवते, आणि बहुतेक वेळा "सरका जरा" म्हणणारीही तीच असते. असा काही रेल्वेचा नियम नाही. कुणी सरकली नाही तर तिला कुणी बोलही लावू शकत नाही. तरी रोज लाखो बायका सरकतात.

आता वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाच. त्याने जखमांवर स्वतःचं तेल आणि द्राक्षारस ओतला. जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः पायी चालला. खाणावळवाल्याला दोन दीनार दिले, दोन दिवसांची मजुरी, आणि वर म्हणाला, जास्त लागले तर परत येताना देईन. प्रभूने ही सगळी यादी दिली आहे. कुणी काय सोडलं, किती सोडलं, हे त्याला महत्त्वाचं वाटलं.

म्हणून तुझ्या साक्षीत मला एकच उणीव दिसते. त्यात ती बाई नाही. "प्रभूने मला जागा दिली" एवढंच म्हटलंस तर ती गळून पडते. आणि दादरपर्यंत उभी राहिलेली दुसरी एखादी ते ऐकत असली तर तिने काय समजायचं? पुढच्या वेळी सांगशील तेव्हा तिच्याबद्दल सांग. ती थकलेली होती का, हातात भाजीची पिशवी होती का, तुझ्याकडे बघून तिच्या काय लक्षात आलं असेल. आणि दुसऱ्या दिवशी तू कडेला बसली होतीस तेव्हा तू काय केलंस, तेही सांग. ऐकणाऱ्यांना त्यातून स्वतःचं काहीतरी आठवेल.

गाडीतल्या साध्या भेटीला कमी लेखू नये म्हणून आपल्या कविवर्य नारायण वामन टिळकांचं सांगते. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. काव्यावर बोलणं झालं, मग धर्मावर. उतरताना त्याने टिळकांना बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका प्रवाशाने शेजारच्या प्रवाशाशी आदराने गप्पा मारल्या, घडलं ते एवढंच. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? सोवळंओवळं कडक पाळणारी ती बाई कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या हातचं जेवायचं, अशा रोजच्या प्रश्नांशी झगडत ख्रिस्ताकडे आली. तिचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलं नसशील तर वाच. स्वयंपाकघरात आणि प्रवासात श्रद्धा कशी घडते ते त्यात पानोपानी आहे.

रोजची सवय म्हणून एक सुचवते. ही कॅथलिक बंधुभगिनींकडची आहे, संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातली. १५४८ मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली. आपण प्रोटेस्टंट असलो तरी घ्यायला काहीच हरकत नाही. रात्री निजण्याआधी आधी उपकार मानायचे. मग प्रकाश मागायचा. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं ठरवायचं. तासातासाने हा भाग टाळू नकोस, सगळं त्यातच आहे. वॉर्डात आम्ही ड्यूटी संपताना खाटेखाटेने चार्ज द्यायचो, तसंच हे.

गाठ विरघळल्याची साक्ष देणारीच्या आनंदात मात्र मनापासून सामील हो. तिचंही खरं आहे.

---

मावशींना सलाम. नालासोपाऱ्याहून लिहितो आहे. माझा मावसभाऊ सकाळच्या गर्दीत लोकलच्या दारातून पडून गेला. मागे बायको आणि लहान मुलगी आहे. सांत्वनाच्या प्रार्थनेला एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, या घटनेतून देवाला आपल्याला काहीतरी शिकवायचं आहे. दुसऱ्या एकाने तिथेच साक्ष दिली की त्यांची तीच गाडी चुकली आणि प्रभूने त्यांना वाचवलं. वहिनी उठून आत गेल्या. यात धडा कोणता?
– एक वाचक

यात धडा नाही, भाऊ. तुमच्या वहिनी उठून गेल्या ते बरोबर केलं.

वर मी रोजच्या गोष्टी नीट बघायला सांगितल्या, त्याची हद्द इथे आहे. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्यासाठी धडा काढायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू स्वतःहून तो विषय काढतो आणि विचारतो, ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पश्चात्तापाचं जे बोलतो ते ऐकायला उभे असलेल्या, जिवंत माणसांना. मेलेल्यांबद्दल तो दोषाचा एक शब्दही बोलत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसला की शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? दोघांचंही नाही, असं प्रभू सांगतो आणि त्याचे डोळे बरे करायला लागतो.

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढे दिवस त्यांचं अगदी बरोबर चाललं होतं. मग त्यांनी कारणं सांगायला तोंड उघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर त्यांच्यावर संतापला. माझ्या पहिल्या मेट्रनबाईंची शिकवण अशीच होती: नातेवाईक "सिस्टर, देवाने असं का केलं?" म्हणून रडायला लागले की आधी स्टूल द्या, मग पाणी द्या आणि शेजारी उभ्या राहा. उत्तर देऊ नका.

ज्यांची गाडी चुकली त्या भावांनी देवाचे आभार जरूर मानावेत, पण आपल्या घरी, दार लावून.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगते, कारण वहिनींना या घडीला त्याची गरज जास्त आहे. प्रवासी गाडीतून अपघाताने पडून गेला असेल तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४अ खाली वारसांना भरपाई मिळते. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे करायचा असतो आणि घटनेपासून एका वर्षाच्या आत. रेल्वे पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं गोळा करा. त्यांचा पास शोधा, पाकिटात किंवा मोबाईलमध्ये असेल. नाही सापडला तरी दावा तिथेच संपत नाही. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून मृत व्यक्ती प्रवासी नव्हती असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. वहिनींना या कचेऱ्यांत एकटं पाठवू नका. मंडळीतला एखादा निवृत्त कारकून, एखादा वकील बरोबर घ्या, स्वतः रजा टाका. त्या ज्येष्ठ बंधूंनाच विचारा, एक दिवस झेरॉक्सच्या रांगेत उभे राहतील का. मी हे मनापासून सुचवते आहे. माणूस भला असेल, फक्त काय करावं ते त्याला सुचलं नसेल.

---

मी नायगावला शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या बायबलवर्गात शिकवते. पेरणी, मेंढपाळ, द्राक्षमळा यातलं मुलांनी काहीच पाहिलेलं नाही. मुंबईच्या मुलांना येशूचे दाखले, म्हणजे त्याच्या बोधकथा, कसे समजवावेत?
– एक शिक्षिका

काही दाखले तर आपल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर कळतील. लूक १२:५४ काढा. पश्चिमेकडून ढग चढताना दिसला की तुम्ही लगेच म्हणता पाऊस येणार, आणि तसंच होतं, असं प्रभू म्हणतो. त्या देशाच्या पश्चिमेला समुद्र आहे, आपल्याही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांना गच्चीवर न्या आणि वचन तिथेच वाचा. आभाळ वाचता येतं, मग सध्याचा काळ का ओळखता येत नाही, हा त्यापुढचा प्रश्न. मोठ्या मुलांना तो विचारा, ती काय काय सांगतील ते ऐका. मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यासाठी घरच्या मिसळणाच्या डब्यातले दाणे पुरतात. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवा आणि हात हलवू नका म्हणा, मग दाखला वाचा.

आणि तुम्ही तर मिठागरांच्या शेजारी राहता! भाईंदरची खाडी ओलांडताना मुलं रोज गाडीतून ते चौकोन बघतात, पण मीठ कसं पिकतं हे बहुतेकांना माहीत नसतं. भरतीचं पाणी आत घेतात, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवतात, मग मजूर खाली जमलेले खडे ओढून ढीग घालतात. त्यांच्या पायांना त्या पाण्याने भेगा पडतात. मिठागरावरच्या मुकादमाला आधी विचारून परवानगी घ्या, एखाद्या कामगाराला मुलांशी दहा मिनिटं बोलायची विनंती करा आणि 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' हे वचन त्याचं बोलणं झाल्यावर वाचा. एप्रिल किंवा मेच्या सुरुवातीला जा, सकाळी आठच्या आत. पाऊस लागला की काम बंद होतं. टोप्या आणि पाणी प्रत्येकाचं वेगळं असू द्या, आणि दर पाच मुलांमागे एक पालक हवाच.