काकवीच्या बाटलीवर ‘ट्रीकल’ लिहावं का?

प्रश्न : सर, आमचं गुऱ्हाळ आहे. यंदा काकवी बाटल्यांत भरून पुण्या-मुंबईला पाठवायची म्हणतोय. लेबल इंग्रजीत हवं. मुलगा म्हणतो, काकवीला ‘ट्रीकल’ म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का? आणि तो आला कुठून?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : लिहू नका. कारण सांगतोच, पण आधी शब्दाचं मूळ बघा.

आपल्याकडे उसाच्या फडात साप दिसला की कुणी ‘साप’ म्हणत नाही, ‘जनावर निघालं’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘थेरिऑन’ म्हणजे रानटी जनावर, आणि ‘थेरिआके’ म्हणजे विषारी जनावर चावल्यावरचा उतारा. रोमच्या नीरो बादशहाचा वैद्य अँड्रोमॅकस यानं त्या औषधात चक्क घोणशीच्या कुळातल्या सापाचं मांस घातलं. साठाहून जास्त जिन्नस, त्यात अफूसुद्धा, आणि सगळं मधात कालवलेलं. म्हणजे आपल्या अवलेहासारखं चाटण. हाच शब्द लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता ‘ट्रीकल’ झाला. १५६८ च्या एका इंग्रजी बायबलात तर ‘गिलादात मलम नाही काय?’ या वाक्यात मलमाच्या जागी ट्रीकलच आहे. पुढं औषध मागं पडलं, दाट गोड पाक तेवढा राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून साखर शुद्ध करताना उरणाऱ्या पाकाला हे नाव पडलं.

अडचण इथंच आहे. ट्रीकल म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेलं. काकवीतून काहीच काढून घेतलेलं नसतं, मळी, म्हणजे रस उकळताना वर येणारा मळकट फेस, तेवढी काढून टाकलेली असते. लहानपणी आमच्या पंचगंगेकाठच्या गावी गुऱ्हाळावर भाकरी घेऊन जायचो. भेंडीचा चिकट रस टाकला की काहिलीत मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढायची. रस आटून गुळाचा पाक व्हायच्या आधी गुळव्या आमच्या तांब्यात काकवी ओतायचा. गुळाच्या एक पायरी अलीकडची, अख्ख्या उसाची वस्तू! तिला उरल्यासुरल्याचं नाव देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

लेबलवर मोठ्या रोमन अक्षरांत ‘काकवी’च लिहा आणि खाली बारीक ‘लिक्विड जॅगरी’. जॅगरी हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याच दक्षिणेतून उचलला. त्याचं मूळ संस्कृत ‘शर्करा’, म्हणजे आपल्या साखरेचंच.