बाथरूमची खिडकी छोटी आहे. एक्झॉस्ट फॅन लावून गॅस गिझर आत बसवला तर चालेल का?

नाही. गिझर गॅलरीत नाहीतर बाहेरच्या भिंतीवर बसवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. फॅनच्या भरवशावर राहू नका. लाईट गेली की फॅन थांबतो, गिझर मात्र सेलवर पेटतो, तो चालूच राहतो. आणि दार-खिडकी बंद करून फॅन लावला तर आत हवा येणार कुठून?

मंगळवार पेठेत माझ्या बहिणीचं घर आहे. नरक चतुर्दशीची पहाट, पाहुण्यांनी घर भरलेलं, एकामागून एक अंघोळी चाललेल्या. गार वारं येतंय म्हणून दाजींनी बाथरूमच्या काचपट्ट्यांवर पुठ्ठा ठोकला होता. बहिणीच्या सासूबाई अंघोळ करून आल्या त्या डोकं धरूनच बसल्या. सगळे म्हणाले, लवकर उठल्यामुळं असंल. त्यांच्यामागून भाची गेली. तांब्या पडल्याचा आवाज आला, मग नुसतं पाणी वाहतंय. हाका मारल्या, उत्तर नाही. दाजींनी धडक मारून कडी तोडली. पोरगी कोपऱ्यात कोसळलेली, अंगावर उटणं तसंच. चादरीत गुंडाळून तिला गॅलरीत आणलं. मी गिझर बंद करायला गेले, तर आतली ज्योत निळी नव्हतीच, पिवळी-तांबडी होऊन वर फडफडत होती. मोकळ्या हवेत भाचीनं डोळे उघडले आणि भडाभडा ओकली.

दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन ९८. डॉक्टरांनी गिझरचं ऐकल्यावर तरीही लगेच ऑक्सिजन लावला. दाजी मात्र तो ९८ धरून बसलेत. विषय निघाला की, "गॅसबिस काही नाही, पोरगी जेवत नाही, अशक्तपणा तो. ऑक्सिजन तर अठ्ठ्याण्णव होता!"

जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो म्हणून गळती कळते, याचं काहीच कळत नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाच्या साध्या चिमट्याला या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. म्हणून आकडा चांगला दिसतो. खरं कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते. आणि एकाच पहाटे, एकाच बाथरूममधून आलेल्या दोघींना अशक्तपणा आला, हे कुणी मला पटवून द्यावं.

मिनिटाला ६ लिटरचा गिझर १० मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. त्याला जवळजवळ २ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच ५ घनमीटरच्या आसपास असते. त्यात पाठोपाठ अंघोळी! आमच्या आज्जीचा बंब परड्यात असायचा, तो न्हाणीत नेऊन दार लावून कुणी पेटवला असता का?

बाहेर गिझर बसवला की सुरुवातीचं थोडं पाणी गार येतं. दाजींची तीही तक्रार असते. बादलीत धरा, झाडांना घाला. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून आडोशाची भिंत निवडा.

एक राहिलं. बाहेरूनच हवा घेणारा आणि धूरही बाहेरच सोडणारा बंदिस्त गिझर मिळतो, तो आत चालतो, पण त्याच्याबरोबरचा पाइप पूर्ण बसवल्याशिवाय फिटरला पैसे देऊ नका. साध्या धुराड्याचा गिझर असेल तर पाइप उघड्यावर काढा, इतरांच्या खिडक्या उघडतात त्या डक्टमध्ये नको. अशा गिझरला तर एक्झॉस्ट फॅन उलट घातकच, तो धूर पाइपातून परत आत ओढतो. ज्योत पिवळी दिसली की तो दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. आणि गॅलरी स्लायडिंगच्या काचा लावून बंद केली असेल, तर ती गॅलरी म्हणून धरू नका, तीही खोलीच झाली.